शपथबाईंची साक्ष

कोर्टात तिला सगळे शपथबाई म्हणत. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ती शपथेचा एकेक तुकडा सांगायची आणि तो मागून म्हणायचा. "मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो की…" 'गांभीर्यपूर्वक'ला बहुतेकांची जीभ वळायची नाही. कुणी तो शब्द अर्धाच गिळून टाकायचं. अर्थ विचारला तर ती हळूच सांगे, "थट्टामस्करीत नाही, मनापासून. नुसता चेहरा पाडून भागत नाही."

मग धाकट्या दिराच्या गाडीखाली एक म्हातारा सापडला आणि जागीच गेला. "त्या संध्याकाळी गाडी दारातून हललीच नव्हती," असं दीर सगळ्यांना सांगत सुटला. पण त्याच तिन्हीसांजेला त्याला अंगणात घाईघाईनं गाडी धुताना तिनं पाहिलं होतं. पुढचा दिवा फुटलेला, पाणी तांबूस. पोलिसांनी विचारलं तेव्हा तिनं पाहिलं ते सांगून टाकलं.

साक्षीची तारीख लागली तसं घर तिच्यावर उलटलं. सासूबाई म्हणाल्या, "आठवत नाही म्हण की! सख्ख्या दिराला तुरुंगात धाडणार?" नवरा जेवता जेवता ताटावरून उठला. दिरानं तिला जिन्यात गाठलं. "वहिनी, पोरगी अजून रांगतेय माझी."

ती त्याच्या बाजूनं खाली उतरून गेली.

खटला शेजारच्या दालनात होता. तिथला शिपाई तिच्यासोबत रोज चहा घेणारा, पण त्या दिवशी त्यानं मान वर केली नाही. "मी गांभीर्यपूर्वक…" तो म्हणाला.

तिनं पिंजऱ्याचा कठडा धरला. समोर दीर, मागच्या बाकावर सासूबाई. सगळं दालन तिच्या ओठांकडे बघत होतं.

"पाणी हवंय का?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नको." आणि तिनं तो शब्द सावकाश, अख्खा उच्चारला.

दिराच्या वकिलानं तिला सोलून काढलं. "दिराशी वाकडं आहे तुमचं?"

"नाही. लाडका आहे तो माझा."

"मग तिन्हीसांजेला पाण्याचा रंग कसा दिसला?"

"अंगणातला दिवा मीच लावला होता."

दिराला शिक्षा झाली. सासूबाईंनी तिच्या हातचं खाणं सोडलं, तेव्हा तिनं भाड्याची एक खोली बघितली. ती सामान बांधत असताना नवरा दारात येऊन उभा राहिला. "राग गेलेला नाही माझा," तो म्हणाला, आणि गादीची वळकटी खांद्यावर घेऊन तिच्या पुढे जिना उतरू लागला.