मोहना म्हणून हाक

मंदा शेलार मांजलपूरच्या एका वृद्धाश्रमात आया होती. नवरा करजणजवळच्या कारखान्यात रोजंदारीवर होता. तो आजारात गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती बडोद्याला बहिणीकडे आली आणि या कामाला लागली. गुजराती आया तिला मंदाबेन म्हणत.

विश्वंभर दिघे तिथे आले ते दोन हजार तीन साली. शाळेत भूमिती शिकवून निवृत्त झालेले. पत्नी वारलेली, एकुलती एक मुलगी मोहना अमेरिकेत. त्यांची स्मृती जवळजवळ गेली होती. आंघोळीला न्यायला गेलं की ते हात उगारत. एकदा त्यांनी मंदाचं मनगट असं पिरगळलं, की तिला कितीतरी दिवस बादली उचलवेना.

आश्रमात महिन्यातून एकदा अस्मिता राजे ही समुपदेशक येई, ती म्हाताऱ्यांसाठी नव्हे, आयांसाठी. त्यांच्यासोबत चटईवर बसून त्यांच्या अडचणी ऐकायची.

"चूक कुणाची ते राहू दे," ती मंदाला म्हणाली. "त्यांनी हात उगारला नाही, असा एखादा दिवस आठवतो का?"

मंदाने आठवून पाहिलं. "एकदा मला मोहना म्हणाले. मुकाट्यानं उठले, डोकंही धुऊ दिलं."

"त्या दिवशी तुम्ही वेगळं काय केलंत?"

"काही नाही. ओ दिली."

"पुन्हा द्याल? ओझं वाटणार असेल तर नको."

"हाकेचं कसलं ओझं, ताई?"

आणि ते जमलं. दिघे सर शांत झाले. "मोहना, पेपर कसा गेला?" ते विचारत, आणि मंदा साबण लावता लावता म्हणे, "बरा गेला, बाबा." तिचे स्वतःचे वडील रेल्वेत होते, ती लहान असतानाच गेले होते. बाबा हा शब्द तिच्या तोंडी कित्येक वर्षांत आला नव्हता. सर आपल्या बिस्किटातला अर्धा तुकडा तिच्यासाठी ठेवू लागले. ती तो खाऊ लागली.

हिवाळ्यात खरी मोहना आली. दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, मी आले."

सरांनी अदबीनं खुर्ची दाखवली. "बसा. मुलगी आत आहे, बोलावतो." आणि त्यांनी हाक मारली. मंदा सवयीनं "ओ, बाबा" म्हणत टॉवेल घेऊन बाहेर आली, आणि जागीच थांबली.

मोहना तशीच मागे वळली. ऑफिसात जाऊन तिनं मंदाला दुसरीकडे लावायला सांगितलं. बाबांचं सगळं आपण करू म्हणाली. मंदाला वरच्या मजल्यावर पाठवलं. सरांनी खाणं सोडलं. "माझ्या मुलीला कुठे नेलंत?" असं ते आपल्या मुलीलाच विचारत राहिले.

शेवटी मॅनेजरनं अस्मिताला बोलावून घेतलं. तिघी समोरासमोर बसल्या.

"मला माझं नाव परत हवंय," मोहना म्हणाली. मंदा मान खाली घालून बसली होती.

अस्मिता मोहनाकडे वळली. मग तिनं विचारलं, "इतक्या दिवसांत त्यांनी तुम्हाला एकदा तरी जवळ येऊ दिलं?"

"काल. नवी आया समजले. बाई, पाणी द्या म्हणाले. मी दिलं, ते प्यायले."

"तेवढं पुरेल तुम्हाला?"

"नाही पुरणार. पण दुसरं काय आहे?"

मग सुट्टी संपेपर्यंत मोहना आयांचा निळा कोट घालून वडिलांना भरवत राहिली. शेजारी मंदा मोहना होऊन बसे. एकदा सर मंदाकडे वळून म्हणाले, "या बाईंचा हात फार हलका आहे गं. दिवाळीला यांना चांगली साडी दे." मंदाला वर बघवेना. मोहनानं पुढचा घास कालवला.

निघताना मोहना वडिलांच्या पाया पडली. त्यांनी संकोचून पाय मागे घेतले. फाटकाशी तिनं मंदाचा हात धरला, आणि रिक्षात बसली.

उन्हाळा लागताना सर न्यूमोनियानं गेले. मोहनाला वेळेत पोचणं शक्य नव्हतं. अग्नी पुतण्यानं, जयवंतरावांनी दिला. मंदानं स्मशानात जाण्यापुरती सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाला, "आया जात नाहीत, मंदाबेन." तिनं पलंग पुसला, गादी उन्हात टाकली.

संध्याकाळी अमेरिकेहून फोन आला. मोहनानं मंदालाच बोलवायला सांगितलं होतं.

"शेवटी काही म्हणाले?"

"तुमचं नाव घेतलं."

मग मोहनानं विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

दिवसभरात हे कुणी विचारलं नव्हतं. मंदाला तिथेच रडू फुटलं.

पुढच्या महिन्यात अस्मिता आली. तिनं हळूच विचारलं, "या दिवसांत जरा बरं वाटलं, असा एखादा क्षण?"

मंदानं खरंच आठवून पाहिलं.

"नाही, ताई."

अस्मितानं पुढचा प्रश्न विचारला नाही. बाकीच्या आया एकेक करून कामाला गेल्या. त्या दोघी चटईवर बसून राहिल्या.