पहिल्या रविवारचा शर्ट

शुभदावहिनींचा फोन आला तेव्हा मी क्लेमेंटीला माझ्या घराखालच्या हॉकर सेंटरमधल्या स्टॉलवर कोपीच्या, म्हणजे इथल्या कॉफीच्या, रांगेत उभा होतो. "भाऊजी, अरुण गेला. सकाळी आंघोळीला गेला तो बाहेर आलाच नाही," एवढंच त्या म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. मी "येतो" म्हणालो, रांग सोडली नाही, कोपी घेतली, पैसे दिले आणि ती तशीच टेबलावर ठेवून त्यांच्या सेंगकांगच्या घराची वाट धरली. एमआरटीच्या गाडीत बसल्यावर डोक्यात काय यावं? तर अरुणचा निळ्या चौकड्यांचा शर्ट माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे तसाच लटकतोय, हे. माणूस गेला आणि मला शर्टाची काळजी. पण त्या शर्टाला कारण होतं, आणि ते सांगायचं तर नऊ वर्षं मागे जायला हवं.

माझी बायको सुनंदा गेली त्यानंतर मी गॅस पेटवणं बंद केलं. ठरवून नाही, तसं झालं खरं. खाली उतरलं की दहा स्टॉल, एका पोटासाठी कोण भांडी घासत बसणार... अरुण आणि मी एकाच बँकेत हिशेब तपासण्यात जन्म घालवलेला, पुण्याहून दोन वर्षांच्या अंतराने इथे परदेशात आलेलो, इथलेच झालेलो. एका रविवारी तो न सांगता घरी आला, चहा टाकायला म्हणून आत गेला, आणि कणकेचा डबा उघडून बराच वेळ नुसता बघत उभा राहिला. पिठात अळ्या झाल्या होत्या. डबा रिकामा करून घासला आणि मला म्हणाला, "विन्या, माझं एक काम आहे. मला चिकन फ्राइड स्टेक करायचंय आणि शुभदाच्या स्वयंपाकघरात कोंबडी चालत नाही. तुझा ओटा दे."

आता हे प्रकरण काय, तर तरुणपणी बँकेच्या कामासाठी हा वर्षभर टेक्सासमध्ये होता, तिथे एका खाणावळीत रोज जेवायचा, आणि तिथल्या आचारीणबाईंनी त्याला हे शिकवलं होतं. नावात चिकन असलं तरी मुळात ते गोमांसाचं करतात, तळलेल्या कोंबडीच्या पद्धतीनं. अरुण ते कोंबडीच्या छातीचं करायचा. मधून चिरून उघडायची, आणि मग सुनंदाच्या खलबत्त्यातला बत्ता घेऊन ठोकायची, करंगळीएवढी पातळ होईपर्यंत. पहिल्याच दिवशी खालच्या मजल्यावरची चिनी आंटी वर आली. "अंकल, संडे मॉर्निंग पाउंड व्हॉट?" अरुणने तिला तासाभराने एक बशी नेऊन दिली. पुढे तिची तक्रार एवढीच असे की बशीत ग्रेव्ही कमी असते.

तेव्हापासून दर महिन्याचा पहिला रविवार. मांस मीठ-तिखट लावून ताकात, मग मिरपूड घातलेल्या मैद्यात, मग अंड्यात, पुन्हा मैद्यात. मग दहा मिनिटं तसंच ठेवायचं, नाहीतर कवच तेलात सुटतं. ही दहा मिनिटं अरुणला फार प्रिय. तेवढ्यात तो मला कांदा चिरायला, भांडी पुसायला, डबे दाखवायला लावायचा. डबे रिकामे दिसले की नुसतं "हं" करायचा. त्या "हं"ची मला इतकी धास्ती की मी आदल्या शनिवारी डाळ-तांदूळ भरून ठेवू लागलो. आणि डाळ घरात आली म्हटल्यावर आमटी होऊ लागली. श्रावणात तो बटाट्याच्या चकत्यांचं करायचा, पण रविवार चुकवला नाही.

ग्रेव्हीला मात्र कोणालाही हात लावू द्यायचा नाही. कढईतलं तेल ओतून टाकायचं, तळाशी दोन-तीन चमचे आणि सगळा जळकट चुरा राखायचा, त्यात मैदा परतायचा आणि मग दूध, थोडं थोडं, हात न थांबवता. वरून मिरपूड. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणालो, "हे तर बिनहळदीचं पिठलं झालं." तो म्हणाला, "खाऊन बघ, मग नावं ठेव." खाल्लं. नावं ठेवली नाहीत.

निघण्यापूर्वी मग शर्टाचा कार्यक्रम. तळणाचा शर्ट काढून पिशवीत, पिशवीतला धुतलेला अंगात, वर चिमूटभर बडीशेप. "शुभदाला वास यायला नको." मीही पक्का. नऊ वर्षांत त्यांच्या घरी कितीदा जेवलो, वहिनींच्या हातची अळूवडी चापली... पण कोंबडीचं नाव काढलं नाही. आपल्याकडे शाकाहारी बाईचं स्वयंपाकघर म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला नको होतं. विचारण्याची गरजच वाटली नाही.

शेवटच्या रविवारी तो शर्ट विसरला. फोनवर म्हणाला, "राहू दे, पुढच्या महिन्यात नेतो."

दिवसकार्य उरकल्यावर मी तो शर्ट धुवायला घेतला. तीन वेळा धुतला. वास गेला याची खात्री व्हावी म्हणून खिडकीबाहेरच्या बांबूवर दोन दिवस वाळवला, इस्त्री केली. मित्राचं एक गुपित, तेवढं तरी नीट सांभाळावं म्हटलं. वहिनींच्या हातात दिला आणि घरून पाठ करून आणलेलं वाक्य म्हणालो, "मागे पावसात भिजला होता, तेव्हा माझ्याकडे राहिला."

त्यांनी शर्ट घेतला, नाकाशी नेला. पुन्हा नेला.

"धुतलात कशाला, भाऊजी?"

त्या उठून आत गेल्या आणि ओट्याखालच्या कपाटातून एक काळी लोखंडी कढई काढून माझ्यासमोर ठेवली. "ही त्याची. मी खात नाही, एवढंच. त्याला कोण नको म्हणत होतं? लग्न झाल्यापासून इथेच करायचा तो. तुमच्याकडे यायला लागला तेव्हा मी म्हटलं, भाऊजींनाच इकडे बोलाव ना, तासभर गाडीत कशाला बसतोस? तर म्हणाला, विन्या इथे येऊन जेवेल आणि परत जाईल. त्याच्या घरी गॅस पेटला पाहिजे." मग म्हणाल्या, "पिशवीत दुसरा शर्ट दर वेळी मीच घालत होते."

मी तिथेच रडलो. सुनंदाच्या वेळी रडलो नव्हतो इतका. आणि सांगायला लाज कसली, रागही आला. नऊ वर्षं बडीशेप खाऊन मला बनवलं लेकाने. मी समजत होतो की मी त्याची सोय करतोय.

त्याच्यानंतरचा पहिला रविवार आला तेव्हा मी सकाळपासून ठरवत होतो की खाली जाऊन चिकन राइस खावा. डबे रिकामे होते. बघणारं कोणी नव्हतं. साडेदहाला बेल वाजली. खालची आंटी असेल असं वाटलं, तर शुभदावहिनी, हातात अरुणची पिशवी. आत आल्या, डबे उघडून पाहिले. पिशवीतून बटाटे, मैदा, दूध काढलं आणि शेवटी तो शर्ट. "हा घाला. तेल उडेल. आधी माझे बटाटे तळा, मग तुमचं काय ते."

मी बाजारातून कोंबडी आणली. बत्त्याने ठोकली, वेडीवाकडी का होईना. पाच मिनिटांत आंटी दारात. आम्हा दोघांकडे तिने बघितलं, "ओ... ओके, ओके लाह," म्हणाली आणि जाऊन रिकामी बशी घेऊन आली.

ग्रेव्हीत दूध मी एकदम ओतलं. गुठळ्याच गुठळ्या. वहिनींनी बटाट्यावर घालून चवीने खाल्ली. "त्याच्याही व्हायच्या," म्हणाल्या. "तुमच्याकडे येण्याआधी चार वेळा घरी करून बघायचा."

निघताना त्यांनी हात पुढे केला. "शर्ट द्या."

"धुऊन देतो ना, वहिनी."

"नको." मी शर्ट बदलून दिला. त्यांनी तो एकदा नाकाशी नेला, घडी केली आणि पिशवीत ठेवला. "पुढच्या महिन्यात धुऊन आणते," म्हणाल्या, आणि लिफ्टकडे गेल्या. मी दार लावलं, कढई घासली आणि डाळ-तांदळाची यादी करायला बसलो.