पळती गाडी पळताना दिसावी म्हणून

शुद्धलेखनाच्या चुका होतील आणि अक्षरही वेडंवाकडं आहे, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर वही हातात आली ती किराण्याच्या यादीपुरतीच. हे कुणाला दाखवायचं नाही, पण वही कुणाच्या हाती लागलीच तर हसू नये. आज मन हलकं आहे म्हणून लिहायला बसले.

भोसरीत आमच्या खोलीच्या पुढच्या भागात ह्यांचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, वास्तुशांती. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी नवा कॅमेरा आणि लांबचं टिपणारी मोठी लेन्स घेतली. त्यासाठी वन्संकडून, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेकडून, एक लाख वीस हजार उसने आणले. आकुर्डीत स्वतःचं घर घेण्यासाठी त्यांनी कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून साठवलेले पैसे ते. आणि तीन महिन्यांत हे गाडीवरून पडले. मनगटात प्लेट बसली. जड कॅमेरा काही पेलेना.

वन्सं रविवारी यायच्या, चहा घ्यायच्या आणि भावाला म्हणायच्या, "इकून टाक की तो कॅमेरा. कपाटात ठिवून पूजा करायलास का त्याची?"

विकला असता तर निम्मे पैसेही आले नसते, आणि स्टुडिओ कायमचा बंद. लग्नात हळदीचे, बायकांच्या बाजूचे फोटो मी आधीपासून काढायचे. बायका माझ्यापुढे मोकळ्या बसायच्या. म्हणून मग कॅमेरा मीच गळ्यात घातला.

ज्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो आम्ही काढले होते, त्या चाकणच्या पाटलांनी माळावर मातीच्या ट्रॅकवर मोटारसायकलच्या शर्यती भरवल्या. चार रविवार. बॅनरला फोटो हवेत, शिवाय शर्यतीतली मुलंही आपापले फोटो विकत घेतील, असं ते म्हणाले. मी पदर खोचून उन्हात उभी राहिले. लग्नात शिकलेलं एकच मला ठाऊक होतं, फोटो हलता कामा नये. शटरचा वेग हजारावर ठेवला, म्हणजे पळतं तेही जागच्या जागी थिजतं, आणि फटाफट काढत गेले. एकही फोटो हलला नाही.

पाटलांनी ते बघितले आणि टोपी मागे सरकवली. "ताई, ही गाडी पळतीय व्हय? शोरूमात उभी केल्यावानी दिसतीय. त्या पोराला म्हणावं, उतर आता, स्टँड लाव."

बाजूची माणसं हसली. माझे कान तापले. ते पुढे म्हणाले, "राग मानू नका. पण पुढच्या रविवारी असंच झालं, तर मला पुण्याचा माणूस बोलवावा लागंल."

त्या संध्याकाळी घरात ठरलं. पुढचा रविवारही फुकट गेला तर कॅमेरा विकायचा.

हे म्हणाले, "अगं, शटर साठावर आण. आणि गाडीबरोबर कॅमेरा फिरव. गाडी स्पष्ट येते, मागचं सगळं ओढल्यासारखं येतं." बोलायला सोपं. मी सकाळी शिफ्ट सुटायच्या वेळी एमआयडीसीच्या रस्त्याला सरावासाठी उभी राहिले, तर वेगळंच झालं. मोठी लेन्स दिसली की गाड्या हळू व्हायच्या. कुणी घाईघाईने हेल्मेट चढवायचं, कुणी मागे बसलेल्याला पायाने नंबर प्लेट झाकायला लावायचं. एकजण तर थांबलाच.

"मॅडम, आजच विसरलोय हो हेल्मेट. चलान नका टाकू."

"मी पोलीस नाही," मी म्हणाले, पण इतक्या हळू की त्याला ऐकूच गेलं नसावं. त्याने लायसन्स काढून माझ्या हातात दिलं. ते त्याला परत देऊन मी तशीच घरी आले. पळणारं काही समोर आलंच नव्हतं.

स्वयंपाक करताना महाळुंग्याची कंपनी आठवली. तिथे मी पूर्वी सहा वर्षं फिरत्या पट्ट्यावरून जाणारे प्लास्टिकचे पार्ट तपासायचे, ओरखडा दिसला की बाजूला. नव्या बायका समोरच नजर लावून बसायच्या आणि तासाभरात त्यांना गरगरायचं. आमची सुपरवायझर बाई ओरडायची, "मान नको, कंबर फिरव! लांबूनच एक पार्ट धर, आणि गेला तरी डोळा सोडू नको." मी पोळी तव्यावर टाकून स्वयंपाकघरातच फिरून बघितलं. पाय रोवून, कोपरं बरगडीला, फक्त कंबर. हे दारात उभे. "पोळी करपली," म्हणाले.

दुसऱ्या रविवारी मी एकेका स्वाराचं हेल्मेट लांबच्या वळणावरच धरलं. तो समोर यायच्या आधीपासून त्याच्याबरोबर वळत राहिले, बटण दाबलं आणि तो पुढे जाईपर्यंत थांबले नाही. कमरेत कळ यायला लागली. लाजही विसरले, कारण माझ्याकडे कोण बघतंय ते मला दिसतच नव्हतं.

घरी आल्यावर हे डाव्या हाताने कॅमेऱ्यातले बिघडलेले फोटो पुसायला बसले. "हललाय. हललाय. हाही हललाय." खरंच, बहुतेक वाया गेले होते. एकावर त्यांचं बोट थांबलं. चाकाच्या काड्या दिसत नव्हत्या, माळाचे पिवळे पट्टे झाले होते, माती शेपटासारखी मागे ओढलेली. हेल्मेट आणि त्यामागचे डोळे तेवढे स्वच्छ. लग्नाच्या फोटोंच्या सवयीने ह्यांचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं. मी ह्यांचा हात धरला. "राहू द्या तो."

असे नऊ निघाले. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी चाकणला गेले. पाटलांनी चष्मा लावला आणि नऊच्या नऊ फोटो एकेक करून बघितले.

"आता कसं," शेवटी म्हणाले. "बघूनच डोळ्यात माती गेली राव." मग माझ्याकडे बघून, "उरलेले दोन्ही रविवार तुम्हीच यायचं."

बाहेर येऊन बसथांब्यावर बसले आणि मला रडू आलं. बस आली तशी गेली, मी उठलेच नाही.

त्या मुलांनी फोटो घेतले, त्यांच्या ओळखीच्यांनी दुसऱ्या शर्यतींना बोलावलं. पैसे थोडे थोडे येत गेले, तसे वन्संकडे पोचवत गेलो.

काल शेवटचे अठरा हजार घेऊन आम्ही दोघं गेलो. वन्संनी अंगठा जिभेला लावून नोटा मोजल्या, मग परत मोजल्या. डब्यात ठेवल्या आणि भावाला म्हणाल्या, "बायकोनं वाचिवलं बघ तुला." मग मला, "माझा बी एक फोटू काढ. बसूनच काढ बाई, मला पळायला लावू नगंस."

मी बसलेलाच काढला. वन्संचे एक लाख वीस हजार पूर्ण फिटले.