तांबडा डबा

हिंमत गेल्याचा फोन जळगावला, मी काम करतो त्या ग्रंथालयात आला. पलीकडे त्याचे थोरले भाऊ, नाना. "इंजिननं खाल्लं रे त्याला," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला... पिंप्राळ्याला माझ्या घरी पिशवी भरताना, नरडाण्याच्या गाडीत, मग त्यांच्या अंगणात जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडून मी तेच वाक्य ऐकत राहिलो. महिना उलटला. आता त्या वाक्याची मला शिसारी येते. इंजिनानं काही केलेलं नाही.

धुळ्याला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. तो शेतीकडे परतला, मी पुस्तकांत रमलो. पण दर उन्हाळ्यात मी त्याच्या गावी जात असे. नदीकाठी त्यांचं पाण्याचं इंजिन होतं, पेट्रोलवर सुरू होऊन तापलं की रॉकेलवर चालणारं. हिंमत पेट्रोल लोखंडी डब्यातच आणायचा. पंपावर सायकलच्या कॅरिअरवरून डबा जमिनीवर उतरवल्याशिवाय नळी लावू द्यायचा नाही, ठिणगी उडेल म्हणून. पंपावरचा माणूस वैतागायचा, "भाऊ, वरच भरतो ना, कशाला उतरवता?" "तो खाली उतरला तरच मी घरी पोचतो," हिंमत म्हणायचा. काठोकाठ भरायचा नाही, उन्हात पेट्रोल फुगतं म्हणून. शेतात डबा इंजिनापासून लांब, निंबाच्या सावलीत. इंजिन गार होईपर्यंत टाकीत थेंब नाही. तोवर भाकरीचं फडकं सोडायचं. गावात टिंगल चालायची, "हिंमतना डबा सावलीमा बठस, नि हिंमत उनमा!"

जुना डबा गंजला तेव्हा त्यानं धुळ्याहून नवा आणला. जाड पत्रा, फिरवून बसवायचं झाकण, आत रबराची चकती. त्याला तांबडा रंग दिला. तो अंगणात वाळत होता तेव्हा नानांनी झाकण दोनदा फिरवून पाहिलं. "इतला चांगला डबा, नि त्यामा पेट्रोल?" त्यांच्या मुलीचं लग्न होतं, शेंगदाण्याचं तेल ठेवायला घट्ट झाकणाचं काहीतरी हवं होतं. डबा आत गेला. बदल्यात तेलाचा रिकामा पांढरा प्लास्टिकचा कॅन बाहेर आला. त्याचं बूच हरवलेलं. तोंडात दाणे काढलेलं मक्याचं कणीस खुपसलेलं. आमच्याकडे घरोघरी हेच. चांगलं ते चुलीकडे, फुटकंतुटकं ते शेताकडे...

"पुतणीबरोबर डब्याचीही पाठवणी झाली," हिंमत हसला. पुढे पुतणी दोनदा माहेरी येऊन गेली, डबा आला नाही.

"मागून घे," मी म्हणालो.

"नानांच्या कढईतलं तेल काढून इंजिनाला घालू? तूच माग जाऊन."

"मग दुसरा आण."

"दुसरा आणला तर नाना म्हणतील, धाकटा रुसला."

त्याच्या या आदबीचीही मला आता किळस येते. तो गेला म्हणून ती कमी होत नाही.

त्या दुपारी नानांनी तो कॅन चालू इंजिनाला लागूनच टेकवला. हिंमतनं लांबून पाहिलं, धावत आला, बाजूला नेण्यासाठी कॅन उचलला. उन्हानं ठिसूळ झालेली मूठ तुटली. पेट्रोल त्याच्या पायांवर सांडलं आणि तापलेल्या सायलेन्सरवर... हे मला नानांनीच सांगितलं आणि सांगून झाल्यावर पुन्हा इंजिनालाच शिवी दिली. स्मशानात लाकडं पेट घेईनात, तेव्हा कुणीतरी रॉकेल आणलं. तसल्याच पांढऱ्या कॅनमधून. त्याच्याही तोंडात कणीस होतं.

तेराव्याला अंगणात चूल मांडली होती. नानांच्या बायकोनं तांबड्या डब्याचं झाकण काढलं, कढईत तेल ओतलं, झाकण लावलं. "कसं घट्ट शे, एक थेंब सांडत नही," शेजारणीला म्हणाली आणि डबा चुलीशेजारीच ठेवला. माझ्या ताटात पुरी पडली. नाना स्वतः वाढत होते. "खा रे, त्याचा मित्र ना तू." मी ताट सरकवलं, हात धुवायला मोरीकडे गेलो. तिथं तेलाचा एक नवा रिकामा पांढरा कॅन धुऊन पालथा घातला होता. शेजारी कणीस वाळत होतं.

वळलो तर हिंमतची बायको, लता, उंबऱ्यावरून उठत होती. ती चुलीपाशी आली, कुणाकडे न बघता डबा उचलला आणि दोन्ही हातांनी धरून लांब, अंगणाच्या कडेच्या निंबाच्या सावलीत नेऊन ठेवला. झाकण एकदा फिरवून बघितलं. मग परत येऊन उंबऱ्यावर बसली...