गाणी आम्ही ठरवायची की तुम्ही?

ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या माणसाकडे पैसा साठत नाही, किस्से साठतात. कारण प्रत्येक प्रोग्रामला एक तरी शहाणा भेटतोच! सूर हवेत विरून जातात हो, शहाणे मात्र जन्मभर लक्षात राहतात. आजही आमच्या ऑर्केस्ट्रातले दोघंतिघं जळगावात चहाला भेटलो, की पहिला घोट घशाखाली जायच्या आत कोणी तरी म्हणतं, "तो दोंडाईचाचा शेठ आठवतो का रे?" आणि डोकं पुन्हा नव्यानं तापतं.

ऐंशीच्या दशकात अख्ख्या खान्देशात आम्ही फिरलो. नाना मास्तर आमचे लीडर. क्लॅरिनेट वाजवायचे, अनाउन्सिंग करायचे आणि मुख्य म्हणजे गाण्यांचा क्रम तेच ठरवायचे. शालूताई गायच्या, रमजानभाई ड्रमवर, मी अकॉर्डियनवर. बाकीचे येत-जात असायचे, आम्ही चौघं कायमचे.

क्रमाच्या बाबतीत नाना आम्हाला कधी विचारायचे नाहीत. एकदा मीच धीर करून म्हटलं, "नाना, ताईंचं संथ गाणं नेहमी तिसरंच का?"

"पहिल्या दोन गाण्यांत लोक खुर्च्या ओढतात," नाना म्हणाले. "खुर्च्यांचा आवाज थांबला, की संथ गाणं."

इतका विचार करणारा माणूस! आणि त्याला येऊन कोणीही सोम्यागोम्या शिकवायचा, "मास्तर, जरा चांगली गाणी घ्या हं!" म्हणजे काय, एरवी आम्ही वाईट शोधून आणतो?

\*

तर तो दोंडाईचाचा शेठ. मिरचीचा व्यापारी. मुलीच्या लग्नात आमचा प्रोग्राम होता. दुपारी गादीवर लोडाला टेकून म्हणाला, "मास्तर, गाणी आधी मला सांगा. लग्नघर आहे, अपशकुनी काही नको."

नाना एकेक गाणं सांगायला लागले.

"यात 'आँसू' आहे ना? काढा."

काढलं.

"यात 'जुदाई' येतं. काढा. यात 'रात' आहे, समोर लेकीसुना बसणार. काढा!"

नानांचे कान लाल व्हायला लागले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आणि हे बघा, 'दिल' ज्यात आहे ती तर सगळीच काढा. वऱ्हाडी मंडळी जुन्या वळणाची आहेत."

हिंदी सिनेमातली 'दिल' असलेली गाणी काढल्यावर काय उरतं, तुम्हीच सांगा! नाना उठून उभे राहिले. म्हणाले, "शेठ, आता फक्त गणेशवंदना उरली."

शेठचा चेहरा खुलला. "वा! मग तीच जरा लांबवा ना!"

\*

वरणगावच्या कारखान्याच्या कॉलनीतल्या गणपतीत वेगळाच घोळ. तिथं सगळ्या देशातली माणसं नोकरीला. मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला, "साउथचंही एक गाणं पाहिजे." नाना क्रमात उसनं काही घ्यायला तयार नव्हते, पण सेक्रेटरीनं पिच्छाच सोडला नाही. शेवटी शालूताईंनी रेडिओवरून कानानं उचललेलं एक गाणं घोकलं. अर्थ कोणालाच माहीत नाही. चाल मात्र गोड होती.

नानांनी ऐटीत अनाउन्स केलं, "आता आमच्या तमिळ बांधवांसाठी!"

ताई मन लावून गायल्या. टाळ्याही पडल्या. मग एक गृहस्थ स्टेजजवळ आले. "छान झालं. पण हे तमिळ नाही."

नाना गडबडले. "मल्याळम असेल."

मागून आवाज आला, "अजिबात नाही!"

"मग कन्नड?"

तिसऱ्या रांगेतल्या बाईंनी मान हलवली.

आता नाना चिडले. एवढी मेहनत करून गाणं बसवलं आणि त्याला घ्यायला कोणी तयार नाही! माइकवरच म्हणाले, "अहो, कोणाचं तरी असेल ना हे?"

तेव्हा कोपऱ्यातले एक म्हातारे काठी टेकत उठले. हिंदीत म्हणाले, "चाल आमची आहे. तेलुगू. पण बेटी, तू मधे काय बोलत होतीस?"

\*

धुळ्यात आमचा एक भक्त होता. आबा म्हणायचे सगळे त्यांना. पोस्टातून रिटायर झालेले. धुळ्यात कुठंही आमचा प्रोग्राम असो, आबा पहिल्या रांगेत हजर. आता भक्त म्हटला की आनंद व्हायला हवा. पण आबांना आमचा सगळा क्रम पाठ! नाना माइकशी यायचे, "आणि आता सादर करीत आहोत..." की खालून आबा पुढचं गाणं मोठ्यानं सांगून मोकळे! मिमिक्रीतले विनोदही आधीच सांगायचे. लोक आमच्या विनोदाला नाही, आबांना हसायचे.

"हा माणूस माझा प्रोग्राम खातो!" नाना चरफडायचे.

एका गणपतीत नानांनी बेत केला. सगळा क्रम उलटापालटा. रमजानभाई वैतागले. "नाना, एका म्हाताऱ्यासाठी माझे सगळे ठेके इकडचे तिकडे!" पण नाना पेटले होते.

प्रोग्राम सुरू झाला. वंदनेनंतर आबांनी सवयीनं भक्तिगीताचं नाव सांगितलं, आणि आम्ही दणक्यात डान्सचं गाणं काढलं. आबांचं चुकलं. पुढचंही चुकलं. नाना क्लॅरिनेटच्या आडून मिश्कील हसत होते.

तिसऱ्या गाण्याला आबा उभेच राहिले. "ओ मास्तर! थांबवा, थांबवा!"

आम्ही थांबलो.

"तब्येत बरी आहे ना तुमची? दोन गाणी विसरलात!"

आणि मंडपातली सगळी माणसं आबांच्या बाजूनं! "हो हो, राहिलीच ती!" "आधी ती घ्या!" नानांना मुकाट्यानं जुना क्रम लावावा लागला. वर आबा शेजाऱ्याला सांगत होते, "वय झालं मास्तरांचं. मी नसतो तर आज फजिती होती!"

\*

पण सोनगीरला नाना स्वतःच चुकले होते, हेही सांगितलं पाहिजे. अहिराणी गाणं स्टेजवर घ्यायचं नाही, असा त्यांचा जुना हट्ट. "लोक आपल्याला गावठी समजतील," म्हणायचे. आणि स्वतः घरी बोलणार पक्की अहिराणी! रमजानभाई आणि मी यावरून त्यांच्याशी भांडायचो, पण ऐकतो कोण?

सोनगीरला व्यायामशाळेच्या मदतीसाठी प्रोग्राम होता. माणूस मावत नव्हता. चार-पाच गाणी झाली आणि पुढं गोणपाटावर बसलेल्या एक अक्का उठल्या. कमरेवर हात ठेवून नानांना म्हणाल्या, "काय रे भाऊ, बठ्ठा गाणा मुंबईना! आमनं एक बी नही का?"

नाना समजावणीच्या सुरात शुद्ध मराठीत म्हणाले, "आजी, सगळी गाणी आधीच ठरलेली असतात."

"तुनी माय कोणती भाषामा बोलस?"

नानांची आई त्याच वर्षी गेली होती. अक्कांना ते ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. नानांनी क्लॅरिनेट काखेत धरली. मग माइक घेऊन खाली उतरले आणि अक्कांच्या तोंडापुढं धरला. "तूच म्हण, अक्का. मी वाजाडस."

अक्कांनी हळदीचं गाणं धरलं. बाया मागून म्हणायला लागल्या. नानांनी दुसऱ्या ओळीला सूर पकडला. मी मात्र अकॉर्डियन बंद केलं. त्या सुरात मधे पडावंसं वाटेना.

तेव्हापासून ते गाणं आमच्या प्रत्येक प्रोग्रामात. पुढं जळगावात एका क्लबचे साहेब म्हणाले, "मास्तर, ते गावठी गाणं तेवढं कट करा." नानांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवली, पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाले, "ते नही, तर आम्ही बी नही." साहेबांनी दोन मिनिटांत शब्द मागे घेतला!

\*

आणि जळगावचाच तो प्रोग्राम. नव्वद साल उलटून गेलं होतं. ऑर्केस्ट्रात चमकणारे कपडे आले होते, धूर सोडायची मशीन आली होती. एका मंडळाचा अध्यक्ष ठरवायला आला. बोलणी झाली आणि जाता जाता म्हणाला, "नाना, बाई आता नको हं. वय दिसतं. एखादी तरुण मुलगी उभी करा. बाईंना वाटलं तर पडद्यामागून गाऊ द्या, मुलगी पुढं ओठ हलवेल. पब्लिकला काय कळतं?"

शालूताई तिथंच चहाचे कप उचलत होत्या. माझं तर रक्त उकळलं. या बाईनं ताप अंगात असताना गायलंय, पावसात भिजलेल्या स्टेजवर गायलंय, आणि हा म्हणतो पडद्यामागून!

नाना शांतपणे म्हणाले, "पडदा नको. मुलगीपण नको. आम्ही नुसतं वाजवू."

अध्यक्षाला वाटलं, स्वस्तात सुटलो.

प्रोग्रामच्या दिवशी मंडप गच्च. नानांनी क्रम लावला होता, ताईंची सगळी गाणी, एकामागून एक. पण गायला कोणी नाही. क्लॅरिनेटवर मुखडा वाजायचा आणि अंतऱ्याला आम्ही नुसता ठेका धरून थांबायचो. पहिल्या गाण्याला लोक गप्प बसले. दुसऱ्याला कुजबुज सुरू झाली. तिसऱ्याला कोणी तरी ओरडलं, "ताई कुठं आहे?" मग सगळा मंडपच ओरडायला लागला. "ताई! ताई!"

अध्यक्ष धावत स्टेजवर आला. "नाना, बोलवा हो त्यांना! खुर्च्या तुटतील माझ्या!"

"त्या आलेल्या आहेत," नाना म्हणाले. "त्या बघा."

शालूताई चौथ्या रांगेत बसल्या होत्या, साध्या सुती साडीत, तिकीट काढून. अध्यक्ष माइक ओढत त्यांच्याकडे निघाला. वायर पुरेना, तेव्हा दोन खुर्च्यांच्या मधे वाकून, हात ताणून त्यानं माइक त्यांच्यापुढं धरला.

स्टेजवरून नानांनी विचारलं, "ताई, कोणतं घेऊ?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कोणाला तरी हे विचारलं होतं.

ताईंनी गाणं सांगितलं. बसल्या जागेवरूनच गायल्या. मंडपात खुर्ची हलली नाही. गाणं संपलं, टाळ्या थांबेनात. अध्यक्ष घामाघूम झाला होता, कंबर धरून म्हणाला, "ताई, आता स्टेजवर चला."

ताईंनी पदर सावरला.

"नको," म्हणाल्या. "मला इथंच बरं वाटतंय. तुम्ही फक्त माइक हलू देऊ नका. नाना, पुढचं घ्या!"