दुसरा बार

डेलिओने आयुष्यभर बस चालवली. नेरोने नावाच्या डोंगराच्या पायथ्याच्या गावांतून खाली शहरापर्यंत आणि परत. दिवसभर लोकांची बडबड कानावर पडायची म्हणून असेल, पण स्वतः तो मोजकंच बोलायचा. त्याच्या वाटचं बोलायला ओरेस्ते होता. लाकडाच्या वखारीत करवतीपुढे उभं राहून राहून ओरेस्तेला मोठ्याने बोलायची सवय लागलेली, आणि रानात शिरला की तोच माणूस मांजरासारखा गप्प व्हायचा. नोव्हेंबर लागला की हे दोघे आणि डेलिओची कुत्री ब्रीना, असे तिघे वर चेस्टनटच्या रानात जायचे. बेकाच्चासाठी. वाळक्या पानांच्या रंगाचा, लांब चोचीचा तो पक्षी पायाखाली येईपर्यंत दिसत नाही, आणि उठला की झाडांमधून असा वाकडातिकडा जातो की नेम धरणाऱ्याची फजिती ठरलेली. डेलिओ खालच्या अंगाने दुनळी बंदूक घेऊन चालायचा, ओरेस्ते वरच्या अंगाने आपली आपोआप भरणारी बंदूक घेऊन.

मग ओरेस्तेचे गुडघे गेले, बायको गेली, आणि मुलगी त्याला तुरीनला घेऊन गेली. जायच्या आधी दोघांनी ठाण्यावर जाऊन रीतसर नोंद केली आणि ओरेस्तेने बंदूक डेलिओच्या हाती दिली.

"पाचव्या मजल्यावर हिचं मी काय करू? कबुतरं मारू?" तो म्हणाला. "तुझ्या त्या दुनळीने खांदा फुटेल तुझा. ही मऊ आहे."

खांद्याचं खरंच होतं. ऑलिव्ह उतरवताना डेलिओ शिडीवरून पडला होता आणि खांद्यात धातूची पट्टी बसवली होती. पण ओरेस्तेने सोबत दिलेली काडतुसं छत्तीस ग्रॅम छर्ऱ्यांची, बैलाला लोळवतील अशी. पहिला बार काढला आणि डेलिओचा हात कोपरापर्यंत बधिर झाला. त्या रात्री त्याला शर्ट काढता येईना.

"मित्राने आठवण म्हणून बरं दिलंय," त्याची बायको इरमा बाही ओढत म्हणाली. "अजून एक आठवण घेतलीस तर तुला चमच्याने भरवावं लागेल."

डेलिओ ऐकणाऱ्यातला नव्हता. त्याने बंदुकीच्या दस्त्याचं रबर काढून आतल्या पोकळीत शिशाचा तुकडा ठोकून बसवला. बंदूक जड झाली की धक्का कमी, हे त्याला ठाऊक होतं. वर नेमबाजीच्या सरावात मातीच्या तबकड्यांवर मारायची चोवीस ग्रॅमची हलकी काडतुसं आणली. खांदा एकदम खूश झाला.

नोव्हेंबरात पहिल्याच थंडीत ब्रीना ओढ्याजवळ थबकली. एक पाय वर, शेपटी ताठ. डेलिओ पुढे सरकला, पक्षी फडफडत उठला, त्याने बार काढला तो हुकला. त्याने पुन्हा चाप ओढला तर काहीच नाही. उडालेल्या काडतुसाचं रिकामं नळकांडं बंदुकीच्या खिडकीत उभं अडकलेलं, दार लावताना बोट सापडावं तसं. पक्षी रानात दिसेनासा झाला. ब्रीनाने वळून पाहिलं. पूर्वी अशा वेळी वरून ओरेस्तेचा बार व्हायचा, आणि पाठोपाठ त्याची हाक यायची, "झोप, तू झोप, मी आहे." डेलिओ नकळत वर बघत राहिला. वर नुसती झाडं होती.

पुन्हा दोन-तीनदा तसंच झालं. रविवारी ओरेस्तेचा फोन यायचा आणि डेलिओ म्हणायचा, यंदा पक्षीच आले नाहीत.

"आले नाहीत कसे? थंडी पडलीय ना?"

"पडलीय."

"मग कुठे गेले, तुरीनला? खिडकीतून बघतो हं मी."

डेलिओ हसायचा आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ ओसरीवर बसून राहायचा. ओरेस्तेला खोटं सांगितल्याचं वाईट वाटायचंच. पण त्याहून, त्याच्याच बंदुकीची तक्रार त्याच्याकडे कशी करायची हे कळत नव्हतं. ब्रीना आता उतारवयाला लागली होती. दुपारी रानातून आली की तिला उडी मारून गाडीत चढता येत नसे. हा हंगाम असाच गेला तर पुढच्या हंगामात ती चालेल का, हा विचार त्याला सोडत नव्हता.

शेवटी तो गावातल्या बंदुकांच्या दुकानात गेला. दुकान लोरेदानाचं, बापानंतर तीच बघायची. तिने बंदूक रिकामी असल्याची खात्री केली, काडतूस आत-बाहेर करणारा बोल्ट मागेपुढे ओढून पाहिला.

"ही धक्क्यावरच चालते, डेलिओ," ती म्हणाली. "बंदूक मागे येते त्याच जोरावर आतलं सगळं हलतं. तुम्ही धक्काच काढून घेतलात तर तिने नळकांडं कशाने बाहेर फेकायचं?"

"आणि माझा खांदा?"

"म्हणून तर मधलं काहीतरी शोधायचं. नुसते ग्रॅम बघू नका, दारू किती जोराची तेही बघा. अठ्ठावीसचं एखादं चपळ काडतूस बत्तीसच्या सुस्तापेक्षा बरं चालतं." तिने वेगवेगळ्या डब्यांतून थोडी थोडी काढून पिशवीत घातली. "एकदम डबा घेऊ नका. नेमबाजीच्या मैदानावर जा. एक नळीत, एक खालच्या साठ्यात, आणि दोन्ही लागोपाठ उडवा. दुसरं वर येतं का ते बघा. काहीही करा, पण कुठे टेकून उडवू नका. तिला मागे यायला जागा हवी."

मैदानावर तो सकाळभर उभा राहिला. चोवीसची सगळी अडकली. अठ्ठावीसची कधी चालत, कधी नाही. तीसचीही दोनदा अडकली तेव्हा तो वैतागला. संध्याकाळी त्याने रविवारची वाट न बघता स्वतःच तुरीनला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. पक्षी आले होते, हेही.

ओरेस्ते म्हणाला, "लेका, तीसने ती कधीच अडली नाही. तू तिच्यात काही घातलंस का?"

"थोडं शिसं. दस्त्यात."

"शिसं." फोनमधून तिकडच्या रस्त्यावरून ट्राम गेल्याचा आवाज आला. "अरे, मग ती मागे येणार कशी? तू तिला बसच समजलास. काढ ते आधी. आणि आतलं ग्रीस पूस, मी उन्हाळ्यात लावलं होतं, थंडीत ते तुपासारखं थिजतं. एक थेंब पातळ तेल, बस."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू सांगशील तर मी सांगेन ना."

डेलिओने शिसं काढलं, ग्रीस पुसलं. दुसऱ्या दिवशी मैदानावर तीस ग्रॅमची, लहान छर्ऱ्यांची काडतुसं एकामागून एक नीट चालली. रिकामी नळकांडी उजवीकडे गवतात पडत गेली. पण मैदानावर ऊन होतं. खरी परीक्षा थंडीची. म्हणून तो पहाटे, गवतावर दव गोठलेलं असताना पुन्हा गेला. तेव्हाही चालली. खांदा दुखला, पण इतपत दुखणं त्याला चालणार होतं.

डिसेंबरातल्या एका सकाळी धुकं ओसरत होतं आणि ब्रीना बऱ्याच वेळाने एका पडलेल्या बुंध्यापाशी थबकली. तिचा पाय थरथरत होता. पक्षी उठला, डेलिओचा पहिला बार फांदीत गेला. दुसरा त्याने विचार न करता काढला, आणि पक्षी पानांवर पडला. ब्रीनाने तो हळूच उचलून आणला.

डेलिओ त्याच बुंध्यावर बसला. पक्षी अजून गरम होता. आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण रानात इतकं सामसूम होतं की त्याला तिथे थांबवेना.

दुपारी त्याने फोनवर सांगितलं. ओरेस्तेने कुठून उठला, कुठे वळला, ब्रीना कशी उभी होती, सगळं दोनदा विचारून घेतलं.

"दुसऱ्याने पडला?"

"दुसऱ्याने."

"बरं झालं," ओरेस्ते म्हणाला, आणि जानेवारीत येतो असंही त्याने सांगितलं. जानेवारीत मुलीने सोडलं नाही, फेब्रुवारीत गुडघा सुजला.

तो आला तो मे महिन्यात. हंगाम कधीच संपला होता, पक्षी उत्तरेला निघून गेले होते आणि रान इतकं हिरवंगार झालं होतं की ओढासुद्धा दिसत नव्हता. पक्षी पडला होता ती जागा दाखवायला डेलिओने त्याला गाडीने जिथवर रस्ता होता तिथवर नेलं. पुढे दोघं काठ्या टेकत थोडं चढले. ब्रीना मागून येत होती. ओरेस्ते धापा टाकत एका जागी थांबला.

"अजून किती?"

"त्या वळणापलीकडे."

"मग इथूनच दाखव."

डेलिओने हात लांब करून दाखवलं. ओरेस्तेने डोळे बारीक केले. पानांपलीकडे काही दिसत नव्हतं, तरी तो कितीतरी वेळ तिकडेच बघत उभा होता.