तायी आणि मरी

आमच्या लॅबचे प्रमुख डॉ. अमेय सबनीस चौदा वर्षांपूर्वी नाशिकहून म्हैसूरला आले. एवढ्या काळात त्यांनी गोकुलममध्ये फ्लॅट घेतला, दोनदा गाडी बदलली, शीर्षासन शिकले आणि कन्नडचे तीन शब्द मिळवले: ‘सर’, ‘स्वल्प’ आणि ‘इल्ल’. त्यातला ‘सर’ ते येतानाच घेऊन आले असणार. ‘इल्ल’ म्हणजे नाही, आणि तो त्यांना सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

ते शाश्वत शेतीवर भाषणं देतात. मी ते भाषण अकरा वेळा ऐकलंय. ‘मातीशी नातं जोडा’ या वाक्याला त्यांचा हात छातीवर जातो. रोपवाटिकेत जायचं झालं की मात्र बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवतात. केळीला मुळं खालच्या बाजूला येतात हे त्यांना माहीत असावं, पण मी पैज लावणार नाही.

कडकोळच्या आमच्या लॅबमध्ये खरं काम गोदावरीबाई करतात. त्यांचं घराणं सात पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी बोलतात, त्यात निम्मं कन्नड. केळीच्या पिल्लातला तांदळाएवढा गाभा सुरीने काढायचा, बाटलीतल्या जेलीवर बसवायचा, त्याला कोंब फुटले की ते वेगळे करून नव्या बाटल्यांत लावायचे, हे त्या बावीस वर्षं करताहेत. त्यांच्या बाटलीत बुरशी धरत नाही. सबनीसांनी नुसतं झाकण उचललं तरी धरते.

नंजनगूडकडचे वेंकोबा दोन वर्षांपूर्वी ओल्या गोणपाटात गुंडाळून एक पिल्लू घेऊन आले होते. वडिलांनी लावलेली त्यांची रसबाळे केळी मर रोगाने वाळत गेली होती आणि एकच बेट हिरवं होतं. हे पिल्लू त्यातलं. पुढच्या महिन्यात ते बेटही गेलं. म्हणजे वेंकोबांची केळी उरली ती फक्त गोदावरीबाईंच्या फळीवर. सहा बाटल्यांत मूळ कोंब, आणि बेचाळीस बाटल्यांत त्यांच्यापासून फुटलेली पोरं.

बाटल्यांवर गोदावरीबाई कन्नडात चिठ्ठ्या लावत. सबनीसांना ते खपेना. “ही जिलेबी कोण वाचणार? तुम्ही मराठी ना? मग मराठीत लिहा.” बाईंनी दिवसभर बसून सगळ्या चिठ्ठ्या देवनागरीत केल्या. सहा बाटल्यांवर लिहिलं ‘तायी’, बेचाळीस बाटल्यांवर ‘मरी’. कन्नडात तायी म्हणजे आई आणि मरी म्हणजे पिल्लू. बाईंच्या घरच्या मराठीतही मांजराचं ते मरी आणि केळीचं तेही मरीच. आपण मराठी लिहिलंय याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

“ताईला तायी?” सबनीस चिठ्ठी वाचून म्हणाले. “कुठल्या शाळेत होता हो?”

मी हसले. मला दोन्ही भाषा येतात, तेव्हाच अर्थ सांगायला हवा होता. पण साहेबांच्या विनोदाला हसायची सवय लागली की तोंड दुसऱ्या कामाला येत नाही. याची मला लाज वाटते.

पुढच्या शनिवारी गोकुलमच्या योगवर्गातले परदेशी पाहुणे लॅब बघायला यायचे होते. गोदावरीबाई लग्नाला गेल्या होत्या आणि मी रोपवाटिकेत होते. सबनीसांनी स्वतःच फळी आवरायला घेतली. ‘मरी’ म्हणजे मर रोग लागलेली रोपं, असा या विद्वानांनी अर्थ काढला आणि बेचाळीस बाटल्या ऑटोक्लेव्हच्या वाफेत शिजवल्या. बाईंना ते गोदावरीताई म्हणत, म्हणून ‘तायी’ म्हणजे त्यांच्या मते ताईंनी हौसेने ठेवलेल्या खासगी बाटल्या. त्या त्यांनी पाहुण्यांना आठवण म्हणून वाटून टाकल्या.

सोमवारी गोदावरीबाई रिकाम्या फळीसमोर उभ्या होत्या. “सर, मरी कुठं गेली?”

“मेलेली होती, टाकली.”

“मेली नव्हती, सर. मरी म्हणजे सण्ण, बारकी पिल्लं. तुम्हाला गोत्तिल्ला काय, ठाऊक नाही?”

मी पुढे होऊन मरीचा अर्थ सांगितला. माणूस शरमेने खाली बघेल असं वाटलं होतं. “मग पिल्लू लिहायचं ना,” ते म्हणाले, आणि लेबलिंगच्या शिस्तीवर एक सत्र घ्यायला हवं, असं पुटपुटत केबिनमध्ये गेले. तायीचा अर्थ ऐकायला ते थांबले नाहीत.

संध्याकाळी आम्ही दोघी पाहुण्यांची यादी घेऊन गोकुलममध्ये दारोदार फिरलो. चार बाटल्या सापडल्या. रोपाला श्वास घेता यावा म्हणून चारही उघडलेल्या, चारहींत काळी बुरशी. एकीच्या जेलीत उदबत्ती खोचली होती. बाईंनी ती उपटून काढली आणि राख पदराने पुसली. उरलेल्या दोन बाटल्या पाहुण्यांबरोबर परदेशी गेल्या होत्या. वेंकोबांना सांगायचं ते मीच सांगेन, एवढं बाई बसमधून उतरताना म्हणाल्या.

त्यांना ती वेळ मिळाली नाही. गुरुवारी दुपारी त्या जेवायला गेल्या असताना वेंकोबा आले. रोपं न्यायला धुतलेलं गोणपाट आणलं होतं. दारातच सबनीस भेटले. मी जिन्यात होते.

“तायी इदेया, सर?” वेंकोबांनी विचारलं. आई आहे ना?

सबनीसांना वाटलं, गोदावरीताई आहेत का ते विचारतोय. “इल्ल, इल्ल,” ते हसून म्हणाले.

वेंकोबांनी गोणपाटाची नीट घडी घातली, सबनीसांना नमस्कार केला आणि ते फाटकाकडे वळले. मला खाली धावत जाता आलं असतं. पाय उचलला नाही.

सबनीस खुशीत जिना चढून आले. “बघा मृदुला, तुम्ही म्हणता मला कन्नड येत नाही. आत्ता एका शेतकऱ्याशी बोललो. गोदावरीताईंना विचारत होता. नाहीत म्हटलं, तर लगेच समजलं त्याला.”